लोकलच्या प्रवासात गाण्यांचा मोठा संग्रह ऐकून काढायचा तर : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बहुतेक जण असं करतात: घरच्या हार्ड डिस्कवरचं सगळं फोनमध्ये ओततात, शफल लावतात आणि गाडीत चढतात. सहा महिन्यांनी पाहावं तर ठरावीक गाणी पुन्हापुन्हा वाजलेली असतात आणि निम्म्या फोल्डरांना हातही लागलेला नसतो. यात नशिबाचा भाग नाही, साधं गणित आहे. रोज सकाळी शफल नव्याने सुरू केलं की आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या पुन्हा बरणीत पडतात. १,००० गाण्यांतून अशा १,००० चिठ्ठ्या काढल्या तरी सरासरी ३७० च्या आसपास गाणी एकदाही निघत नाहीत.

संग्रह खरोखर ऐकून संपवायचा असेल तर काय ऐकायचं हे गाडीत ठरवायचं नाही. घरी बसून पंधरवड्याचं एकदम ठरवायचं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून डोंबिवली ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास आणि साधारण २०० जीबीचा संग्रह धरला आहे. त्यात ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, जुनी हिंदी गाणी आहेत. सीडीवरून उतरवलेलं, कॅसेटवरून केलेलं आणि कुणाकुणाकडून पेन ड्राइव्हवर आलेलं, असं सगळं मिसळलेलं. विरार किंवा पनवेलवाल्यांनी वेळा आपल्यापुरत्या बदलून घ्याव्यात.

## १. आधी तास मोजा, जीबी नव्हे

‘माझ्याकडे २०० जीबी आहे’ यावरून ऐकायला किती आहे ते कळत नाही. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मिनिटाला सुमारे २.४ एमबी घेतं, १२८ केबीपीएसचं जेमतेम १ एमबी. सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता साठवणाऱ्या फाइलीत, उतरवलेलं असेल तर मिनिटाला साधारण ५ ते ६ एमबी. म्हणजे तेच २०० जीबी ३२० केबीपीएसमध्ये जवळजवळ १,४०० तास होतात आणि फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी.

संगणकावर फूबार२००० किंवा म्यूझिकबी या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा संग्रह घ्या, सगळं निवडा आणि एकूण कालावधी पाहा. तो आकडा कागदावर लिहा. मग रोज खरोखर कानावर पडेल असा वेळ त्याखाली लिहा. जाऊन-येऊन अडीच तास प्रवास असला तरी ऐकण्याचा वेळ दीड तासाच्या वर धरू नका. का, ते चौथ्या टप्प्यात येईल. महिन्याला २२ दिवस गुणिले दीड तास म्हणजे ३३ तास. १,४०० तासांना साडेतीन वर्षं लागतील.

हा आकडा पाहून बरेच जण इथेच सोडून देतात. सोडू नका, पण सगळंच ऐकायचं आहे का, हे मात्र आत्ताच ठरवा. लहान मुलांची गाणी, कुणाच्या तरी लग्नाच्या सीडीतलं बँड-संगीत, तीनदा उतरवलेली तीच आरती यांना प्रवासाच्या यादीत जागा नाही. त्यांना वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आकडा पुन्हा काढा.

तपासा: एकूण तास, रोजचा निव्वळ वेळ आणि त्यावरून येणारे महिने हे तीन आकडे लिहिलेले आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. एक प्रत बाजूला, मग हात लावा

पुढच्या टप्प्यात शेकडो फाइलींची नावं आणि टॅग (फाइलीतच साठवलेली शीर्षक, गायक, अल्बम अशी माहिती) बदलायचे आहेत. त्याआधी सगळ्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवा. मूळ डिस्कवरच दुसरं फोल्डर करून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

## ३. साफसफाई: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं

लोक इथे दोन टोकं गाठतात. काही जण टॅगकडे बघतच नाहीत. काही जण महिनाभर फक्त टॅगच सजवत बसतात, अल्बमची चित्रं शोधतात आणि ऐकत काहीच नाहीत. मधला मार्ग सोपा आहे: पहिल्या पंधरवड्याला लागेल तेवढंच साफ करा. पुढचं पुढच्या पंधरवड्याला.

टॅगसाठी एमपी३टॅग पुरेसं आहे. म्यूझिकब्रेन्झचं पिकार्ड आपोआप माहिती भरतं. सीडीवर निघालेल्या हिंदी आणि इंग्रजी अल्बमांना ते बऱ्यापैकी चालतं. मराठी कॅसेटींच्या आणि मैफलींच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. भलत्याच अल्बमची माहिती चिकटवून ठेवली तर नंतर शोधणं अशक्य होतं.

कलाकाराचं नाव एकाच तऱ्हेने. कुठे ‘भीमसेन जोशी’, कुठे ‘पं. भीमसेन जोशी’, कुठे ‘पंडित भीमसेन जोशी’, आणि रोमन लिपीतली रूपं वेगळीच. फोनच्या लेखी हे चार वेगळे गायक. पं., उस्ताद, विदुषी, श्रीमती या उपाध्या टॅगमधून काढून टाका. त्यात अनादर नाही. उपाधी ठेवली तर मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व दोघेही ‘प’खाली जाऊन बसतात. लिपीही एकच ठरवा, देवनागरी किंवा रोमन.

ख्यालाला नुसतं ‘राग यमन’ असं शीर्षक चालत नाही. संग्रहात यमन दहा असतील. शीर्षकात राग, बंदिशीचे पहिले शब्द आणि ताल लिहा. मैफलीचं गाव किंवा साल खात्रीने ठाऊक असेल तर ते शेऱ्याच्या रकान्यात. अंदाजाने साल लिहू नका. एकदा लिहिलेला अंदाज दोन वर्षांनी तुम्हालाच पुरावा वाटू लागतो.

क्रमांक दोन आकडी. गीतरामायणाची ५६ गाणी १, २, ३ अशा क्रमांकांनी ठेवली तर कित्येक प्लेअर ती १, १०, ११, १२… मग २ अशी वाजवतात आणि कथेचा पार गोंधळ होतो. ०१, ०२ असं लिहा. जिथे क्रमाला अर्थ आहे तिथे हे आधी करा: कथाकीर्तन, नाटकाची पदं, एकाच मैफलीचे भाग.

प्रश्नचिन्हांचे टॅग. मराठी नावाच्या जागी ‘?????’ किंवा चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर तो आयडी३ या एमपी३ टॅगच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्ती १ चा टॅग असण्याची शक्यता मोठी. त्यात शीर्षकाला ३० अक्षरांचीच जागा असते आणि देवनागरीची सोय नाही. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, नावं पुन्हा लिहा आणि आवृत्ती १ चा टॅग काढून टाका. दोन्ही ठेवले तर काही प्लेअर नेमका जुनाच उचलतात.

कॅसेटची बाजू कापत बसू नका. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्ध्या तासाची एक फाइल, ९० च्या कॅसेटची पाऊण तासाची. गाणी वेगळी करायला बसलात तर वर्ष जाईल. अख्खी बाजू एक फाइल म्हणून ठेवा, शेऱ्यात गाण्यांची नावं लिहा. गाडीच्या प्रवासाला अर्ध्या तासाचा तुकडा तसाही सोयीचाच.

दुहेरी फाइली. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. दुहेरी फाइली शोधणारं एखादं सॉफ्टवेअर लावून नाव जुळलं की उडवायचं, असं भावगीतांना एक वेळ चालेल. शास्त्रीय संगीताला अजिबात नाही. तोच गायक, तोच राग, तीच बंदिश, पण मैफल वेगळी असू शकते. आधी कालावधी पाहा. मिनिटांचा फरक असेल तर दोन्ही ठेवा. दोन-चार सेकंदांचा असेल तर दोन्हींची सुरुवात आणि मधलं एक मिनिट ऐका, मग ठरवा. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. त्या काळच्या हिराबाई बडोदेकर किंवा केसरबाई केरकर यांच्या फाइली म्हणून लांबीला सारख्याच दिसतात. त्या नुसत्या कालावधीवर ओळखू नका, ऐकाच.

सावधान: या टप्प्यात काहीही कायमचं पुसायचं नाही. ‘बाद’ नावाचं फोल्डर करा आणि तिकडे हलवा.

## ४. प्रवासाचे तुकडे पाडा

प्रवास ‘सव्वा तासाचा’ नसतो. तो घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, गर्दीत उभं राहणं, जागा मिळाल्यानंतरचा काळ आणि स्टेशन ते कचेरी अशा तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्यात कानाला वेगळं झेपतं.

घर ते स्टेशन काहीच ऐकू नका. रिक्षा, दुचाकी, स्कायवॉकचे जिने, फलाट बदलल्याची घोषणा, या सगळ्यासाठी कान मोकळे हवेत.

डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत गर्दीच्या वेळी हात खिशापर्यंतही जात नाही. इथे ओळखीचं, भरीव आवाजाचं, छोटं लावा: नाट्यगीत, अभंग, लावणी, कव्वाली. सुरू करून फोन आत ठेवला की ठाण्यापर्यंत बाहेर काढायचा नाही.

ठाणे ते दादर हा खरा ऐकण्याचा काळ. जागा मिळाली, अगदी चौथी सीट (तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा) मिळाली तरी, लांब आणि अनोळखी काही लावायचं ते इथे. दादरला डबा रिकामा होतो. तिथून सीएसएमटीपर्यंत शांतता त्यातल्या त्यात बरी असते. तो वेळ नोंदींसाठी ठेवा.

परतीच्या प्रवासात डोकं दमलेलं असतं. नवीन काही लावलं तर ते ऐकलं जात नाही, नुसतं वाजतं. संध्याकाळी सकाळचंच पुन्हा ऐका किंवा भावगीतं लावा.

आता विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की साध्या लोकलमध्ये विलंबित लावू नये. उघड्या दारांतून येणाऱ्या खडखडाटात तानपुरा बुडतो, आलापातली मंद्र (खालच्या) सप्तकातली जागा ऐकू येत नाही. मग आवाज वाढवला जातो आणि द्रुत (जलद लय) सुरू झाली की कान फुटतो. एसी लोकल असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर संग्रहातली विलंबितं ‘घरी’ अशा वेगळ्या यादीत टाका आणि सुट्टीच्या सकाळी ऐका. किशोरी आमोणकरांचा पाऊण तासाचा ख्याल मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये अर्धामुर्धा ऐकून ‘ऐकला’ अशी खूण करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

## ५. पंधरवड्याचा गठ्ठा बांधा

पंधरवड्यात कामाचे साधारण ११ दिवस. रोज दीड तास म्हणजे साडेसोळा तास. गठ्ठा १४ तासांचाच बांधा. कुणी ओळखीचं भेटतं, गाडी रद्द होते, एखादं गाणं तीनदा ऐकावंसं वाटतं. गठ्ठा पूर्ण भरलात तर पहिल्याच पंधरवड्यात मागे पडाल आणि तिथून कंटाळा सुरू होईल.

गठ्ठ्यात काय असावं? साधारण तीन हिस्से न ऐकलेलं, एक हिस्सा ओळखीचं. सगळंच अनोळखी घेतलं तर तिसऱ्या दिवशी कान बंद होतात. एका कलाकाराचं सगळं एकत्र घेऊ नका. पाच दिवस एकच आवाज ऐकला की सहाव्या दिवशी उत्तम गाणंही सपाट वाटतं. वर्णानुक्रमाने जाणंही टाळा. ‘अ’पासून निघालेले लोक ‘क’च्या पुढे क्वचितच पोचतात.

करायचं असं:

१. संगणकावर ‘गठ्ठा ०१’ फोल्डर करा. आत तीन फोल्डर: ‘१ गर्दी’, ‘२ बैठक’, ‘३ परत’.

२. मूळ संग्रहातून फाइली त्यात कॉपी करा, हलवू नका.

३. फ्लॅक असेल तर गठ्ठ्यातली प्रत २५६ केबीपीएस एमपी३ करा. लोकलच्या आवाजात फरक कळत नाही. मूळ फ्लॅक घरी सुरक्षित आहे. १४ तासांचा असा गठ्ठा सुमारे १.६ जीबीत मावतो, त्यामुळे फोनमध्ये जागा नाही ही तक्रारच उरत नाही.

४. आधीचा गठ्ठा फोनमधून काढल्यावरच नवा टाका. दोन गठ्ठे एकत्र राहिले की झाली परत खिचडी.

तपासा: फोन विमान मोडमध्ये टाकून तिन्ही फोल्डरांतलं एकेक गाणं वाजवा. वाजलं नाही तर ती फाइल फोनमध्ये नाही, कुठल्या तरी क्लाउडवर आहे. रेंज गेली की ती गप्प बसेल.

## ६. आवाजाची पातळी सारखी करा

१९९० नंतरच्या सीडीवरचं हिंदी गाणं आणि आकाशवाणीवरून कॅसेटवर घेतलेलं माणिक वर्मांचं गाणं लागोपाठ वाजलं की दुसरं ऐकूच येत नाही. आवाज वाढवावा तर तिसरं गाणं कानठळ्या बसवतं. यावर उपाय रीप्लेगेन. फूबार२००० मध्ये गठ्ठा निवडून रीप्लेगेन तपासणी चालवा. प्रत्येक फाइलीच्या टॅगमध्ये किती डेसिबल वर-खाली करायचं ते लिहिलं जातं, मूळ आवाजाला धक्का लागत नाही.

नेहमीची चूक इथे आहे: तपासणी केली, पण फोनच्या प्लेअरमध्ये रीप्लेगेन चालूच केलं नाही. पॉवरअ‍ॅम्प आणि फूबारच्या फोनवरच्या आवृत्तीत ही सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. सरमिसळ गठ्ठ्याला ‘ट्रॅक’ पर्याय निवडा. सलग मैफल किंवा नाटकाची पदं असतील तर ‘अल्बम’, म्हणजे गायकाने मुद्दाम हळू गायलेलं हळूच राहील.

इअरफोनला कानात घट्ट बसणारी रबरी टोपी हवी. तिन्ही मापं घालून पाहा. टोपी सैल असेल तर खर्ज सगळा गळून जातो आणि आवाज विनाकारण वाढवला जातो. नॉइज कॅन्सलेशन गाडीची सततची घरघर कमी करतं, माणसांची बडबड फारशी नाही. डब्यात भजनी मंडळ असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. डबा बदला किंवा इअरफोन काढून टाळ ऐका.

सावधान: जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. रोज दीड तास ऐकणाऱ्याने आठवड्याचा हिशेब करून पाहावा. घरी शांततेत आवाज ठरवा, फोनमध्ये कमाल पातळीची मर्यादा घाला आणि गाडीत ती ओलांडू नका. त्या पातळीला गाणं ऐकू येत नसेल तर ते ‘घरी’ यादीत गेलं पाहिजे.

## ७. गाडीतला क्रम

फलाटावर, गाडी यायच्या आधी, ‘गर्दी’ फोल्डर सुरू करून लगेच पॉज करा. चढल्यावर, पाय टेकल्यावर, इअरफोनच्या बटणावरून सुरू करा. शफल बंद. ठाण्यानंतर ‘बैठक’. म्यूझिकोलेट या फोनवरच्या प्लेअरमध्ये एकापेक्षा जास्त रांगा ठेवता येतात आणि प्रत्येक रांग आपली जागा लक्षात ठेवते, त्यामुळे तीन फोल्डरांच्या तीन रांगा केल्या की काम झालं.

एक कान मोकळा ठेवला तर उतरायचं स्टेशन चुकत नाही, पण मग आवाज वाढवावासा वाटतो. त्यापेक्षा दोन्ही कानांत घाला आणि स्टेशनच्या वेळेला पाच मिनिटं राहिलेली असताना वाजेल असा गजर लावा.

सावधान: दारात उभं राहून फोन हातात धरू नका. रुळांकडेला उभं राहून काठीने हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्या आहेत. फोन पडला तर मागे वाकूही नका. रूळ ओलांडू तर नयेच; तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि कानात गाणं असताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. आणि स्पीकरवर गाणी लावणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

## ८. नोंद, उतरायच्या आधी

‘ऐकलं’ एवढंच लिहून भागत नाही. तीन खुणा पुरतात: ठेवा, पुन्हा, बाद. पाच ताऱ्यांची पद्धत वापरू नका. तीन तारे की चार यावर दादर येतं आणि मागचं गाणं विसरलेलं असतं. ‘पुन्हा’ म्हणजे आज कळलं नाही, गोंगाट होता, झोप लागली. अनोळखी गायकीला पहिल्या ऐकण्यात ‘बाद’ देऊ नका, ‘पुन्हा’च द्या. कुमार गंधर्वांना पहिल्याच ऐकण्यात बाद करणारे लोक मला माहीत आहेत.

खूण कुठे करायची? बरेच प्लेअर तारे आणि किती वेळा वाजलं याचा आकडा फक्त स्वतःच्या नोंदवहीत ठेवतात, गाण्याच्या फाइलीत लिहीत नाहीत. फोन बदलला की सगळं गेलं. म्हणून ‘ठेवा’, ‘पुन्हा’, ‘बाद’ अशा तीन प्लेलिस्ट करा आणि दर पंधरवड्याला त्यांची फाइल संगणकावर उतरवा. साधी वही असेल तरी चालेल. मला वहीच आवडते, कारण शेजारी ‘मधलं कडवं ऐका’ असं काहीतरी लिहिता येतं.

## ९. पंधरवड्याचा रविवार

अर्धा-पाऊण तास द्या आणि याच क्रमाने जा. क्रम उलटा केला तर नोंदी पुसल्या जातात.

१. फोनमधल्या तीन याद्या संगणकावर घ्या.

२. मूळ संग्रहात ‘ठेवा’वाल्यांच्या शेऱ्यात ‘ऐकलं’ आणि महिना लिहा.

३. ‘पुन्हा’ची गाणी पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या गठ्ठ्यात टाका. मध्ये पंधरा दिवस गेलेले बरे.

४. ‘बाद’ गाणी ‘बाद’ फोल्डरमध्ये हलवा. तीन महिने पुसू नका.

५. फोनमधला गठ्ठा काढा.

६. शेऱ्यात ‘ऐकलं’ नसलेल्यांतून नवा गठ्ठा बांधा, त्याचेच टॅग दुरुस्त करा, रीप्लेगेन चालवा, फोनमध्ये टाका.

गठ्ठा संपला नसेल तर उरलेलं पुढच्या गठ्ठ्यात ओढू नका. परत संग्रहात जाऊ द्या, त्याची पाळी येईल. सलग दोन गठ्ठे निम्म्याहून जास्त उरले तर १४ चे १० तास करा.

## अडलं तर

गाणं मध्येच बंद पडतं. बहुतेक वेळा फोन बॅटरी वाचवण्यासाठी प्लेअर मागच्या मागे बंद करतो. सेटिंगमध्ये त्या प्लेअरला बॅटरी बचतीतून वगळा.

गर्दीत ब्लूटूथ तुटतं. डब्यात शेकडो फोन आणि इअरफोन त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, मध्ये माणसांच्या भिंती. फोन पँटच्या मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात आणा. तरी तुटत असेल तर गर्दीच्या तुकड्यापुरता वायरचा इअरफोन वापरा, वायर शर्टाच्या आतून घ्या. बाहेरून घेतली तर ठाण्याला कुणाच्या तरी बॅगेबरोबर उतरते.

मोटारीतल्या स्टीरिओत किंवा जुन्या प्लेअरमध्ये क्रम चुकतो. अशी बरीच यंत्रं नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेन ड्राइव्ह रिकामा करा आणि फोल्डर एकेक करून, हव्या त्या क्रमाने टाका. ६४ जीबी किंवा मोठा ड्राइव्ह ओळखलाच जात नसेल तर तो बहुधा एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये असतो, जो जुन्या यंत्रांना कळत नाही. ३२ जीबीचा घेऊन फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.